तीन मूर्ती, दोन आरसे : गणपतीच्या देखाव्याच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

ग्वाल्हेरच्या आमच्या गणेश मंडळाचा गेल्या वर्षीचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही, म्हणून यंदा नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर नकाशेच काढते, तेव्हा वहीही हीच ठेवेल, असा सगळ्यांचा सोयीस्कर समज. असो.

देखाव्याचा विषय सुभेदारकाकांनी सुचवला : दिल्लीचा तीन मूर्ती चौक. काका एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांचं म्हणणं, दरवर्षी केदारनाथ नाहीतर किल्ला करता, एकदा शिपायाला बसवा. पोरांना ‘ऑपरेशन’, रणगाडे, धूर, दिवे असं काहीतरी हवं होतं. मतं घेतली, चौक जिंकला, पण थोडक्यात.

खजिनदारांनी बारा हजारांची मर्यादा घातली. रोषणाई त्यातच. जागा सभागृहाची उत्तरेकडची भिंत, रुंदी अकरा फूट.

२२ जून, रविवार

पहिलाच घोळ. पोरांनी बाड्याच्या बाजारातून प्लास्टिकचे तीन घोडे आणले, साडेसातशे रुपयांना. म्हणे घोडदळाचं स्मारक आहे, घोडे लागणारच. फोटो काढून दाखवला. चौकातले तिघे पायउतार आहेत. मधे दगडी स्तंभ, त्याभोवती ब्राँझचे तीन भालाईत, डोक्याला फेटे, तिघांची तोंडं तीन दिशांना. घोडा एकही नाही.

आमच्यातले निम्मे लोक त्या चौकावरून टॅक्सीने गेलेले आहेत आणि ‘घोडे आहेत’ असं शपथेवर सांगत होते. मीही बहुधा तेच सांगितलं असतं.

घोडे परत घ्यायला दुकानदार तयार नाही. हिशेबात ‘खेळणी’ या नावाखाली टाकले.

६ जुलै, आषाढी

उपासाची साबुदाणा खिचडी खात बैठक. मजकूर कोणी लिहायचा यावर सगळ्यांचं बोट माझ्याकडे. तेव्हा आधी एवढं पक्कं केलं :

स्मारक १९२२ चं. शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज. तीन मूर्ती म्हणजे जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूर या तीन संस्थानांचे लान्सर्स, म्हणजे भालाईत घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात संस्थानांनी आपापल्या फौजा इंग्रजांच्या मदतीला पाठवल्या, त्यातून पंधरावी इम्पीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेड उभी राहिली आणि सिनाई-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर तुर्कांशी लढली. त्या ब्रिगेडचं हे स्मारक.

मला स्वतःला नवी वाटलेली गोष्ट : नाव घरावरून चौकाला मिळालेलं नाही, चौकावरून घराला मिळालंय. समोरचा मोठा बंगला १९३० चा, सरसेनापतींचं निवासस्थान, तेव्हाचं नाव फ्लॅगस्टाफ हाऊस. स्वातंत्र्यानंतर तिथे नेहरू राहिले आणि ते झालं तीन मूर्ती भवन. आता तिथे पंतप्रधान संग्रहालय आहे. म्हणजे पुतळे आधी, बंगला नंतर. आपण मात्र ‘नेहरूंच्या घराबाहेरचे पुतळे’ म्हणतो.

१३ जुलै, रविवार

आज भांडण झालं, आणि भांडणासारखं भांडण झालं.

सहचिटणीसांचा आग्रह : तिसरी मूर्ती ग्वाल्हेरची आहे असं लिहा. त्यांच्या आजोबांनी तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, दादा, तिघांत ग्वाल्हेर नाही. ते म्हणाले, “शिंद्यांची एवढी फौज आणि आपण तिघांत नाही, असं होईल का?” मग ज्याला जे येईल ते. हैदराबाद कशाला, बडोदं का नाही, एकाने तर होळकर काढले.

सुभेदारकाका गप्प बसून होते. शेवटी एवढंच म्हणाले, “दुसऱ्याच्या छातीवरचं पदक आपण लावत नाही. ग्वाल्हेर कुठे होतं ते शोधा, तिथे उभं करा.”

हे मला पटलं. एक फलक वेगळा करायचा ठरला, शीर्षक : ‘मग ग्वाल्हेर कुठे?’ सहचिटणीस चहा न घेता गेले.

तसं पाहिलं तर ज्या गावाच्या एका भागाचं नाव लष्कर, दुसऱ्याचं कंपू आणि तिसऱ्याचं शिंद्यांची छावणी, त्या गावाला आपलं सैन्य कुठे गेलं होतं हे शोधावं लागतंय. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास तंबू ठोकले ते उठलेच नाहीत, त्यांचंच हे लष्कर. आम्ही रोज पत्त्यात लिहितो.

१९ जुलै, शनिवार

सांगाड्याचं काम सुरू. प्रमाण : एका फुटाला दोन इंच. सहा फुटी माणूस म्हणजे बरोबर एक फूट. आत जाड तार, वरून वर्तमानपत्राचा लगदा, शेवटचा थर शाडूचा. लगद्यात मेथीची पूड घातली की कीड लागत नाही, हे वहिनींकडून कळलं.

भाले कशाचे करावेत यावर दोन दिवस गेले. बांबूची काडी जाड दिसते, खराट्याची वाकते. मोडक्या छत्रीच्या काड्या मात्र अगदी नेमक्या. पावसाळा असल्याने मोडक्या छत्र्यांना तोटा नाही.

पहिला माणूस उभा केला तर तो सैनिक दिसेना, रांगेत उभा असलेला गिऱ्हाईक दिसत होता. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “वजन दोन्ही पायांवर सारखं दे. आणि हनुवटी आत.” तारेला एक पीळ दिला फक्त. उभा राहिला.

३ ऑगस्ट, रविवार

हैफाचा, म्हणजे याच ब्रिगेडच्या लढाईचा, मजकूर लिहून झाला. इथे थोडं सविस्तर उतरवून ठेवते, फलकावर एवढं मावणार नाही.

२३ सप्टेंबर १९१८. हैफा हे आताच्या इस्राएलमधलं बंदर. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदी आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर तुर्कांच्या तोफा आणि मशीनगन. डोंगरावर ऑस्ट्रियन तोफा. बंदर हवं होतं कारण पुढे सरकणाऱ्या फौजेला रसद समुद्रातून आणायची होती.

म्हैसूरच्या तुकडीला डोंगरावरच्या तोफांकडे पाठवलं. जोधपूरवाल्यांनी दुपारी समोरून हल्ला चढवला. आधी नदीकडून जायचं होतं, पण काठची माती इतकी भुसभुशीत की पुढचे घोडे रुतायला लागले. मशीनगन चालू असताना सगळ्या दौडीला डावीकडे वळवून चिंचोळ्या वाटेने गावात घुसवलं. मेजर दलपतसिंह शेखावत याच हल्ल्यात पडले.

आकडे : साडेतेराशे कैदी, सतरा तोफा, अकरा मशीनगन. आपल्या बाजूचे आठ ठार, चौतीस जखमी. घोडे साठ मेले, त्र्याऐंशी जखमी.

माणसं आठ, घोडे साठ. हे लिहिताना पेन थांबलं. मशीनगनसमोर भाले घेऊन दौडत जायचं आणि आठच माणसं गमवायची, हे शक्य कसं झालं याचं बरंचसं उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे. गोळ्या घोड्यांनी खाल्ल्या. पोरांचे प्लास्टिकचे घोडे कपाटात पडलेत, ते मी आज बाहेर काढून ठेवले. काय करायचं अजून ठरलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

मोठी अडचण, आणि ती मला, रोज नकाशे काढणाऱ्या बाईला, जूनमध्येच दिसायला हवी होती. चौक गोल आहे. चारी बाजूंनी बघायचा असतो. आमची जागा भिंतीला लागून. एक शिपाई समोर तोंड करून उभा राहणार आणि उरलेले दोघे मागे भिंतीकडे बघत. लोकांना त्यांची पाठ पण धड दिसणार नाही.

फिरता पाट करू म्हणून एकाने सांगितलं. मोटर, पट्टा, सगळं मिळून चार हजार. खजिनदारांनी मान हलवली, कोणत्या दिशेला ते सांगायला नको.

रात्री कागदावर बसले. तिघे एकशेवीस अंशांवर. मागे दोन आरसे, प्रत्येक भिंतीपासून तीस अंश आत कललेला, तर डावीकडच्याचं तोंड डाव्या आरशातून आणि उजवीकडच्याचं उजव्या आरशातून सरळ समोर येतं. कर्कटकाने तीनदा तपासलं. येतं.

वहिनींकडे माहेरचं शिसवी ड्रेसिंग टेबल आहे, त्याला बाजूचे दोन आरसे बिजागरीचे. मागायचं धाडस अजून झालं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर मागितले. वहिनी म्हणाल्या, “नेशील, पण टिकली चिकटलेली आहे एका कोपऱ्यात, ती काढायची नाही.” टिकली त्यांच्या सासूबाईंची. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. नाही काढणार.

संध्याकाळी आरसे लावून पाहिले. जमलं! पण एक गंमत झाली. आरशातले दोन्ही शिपाई डावखुरे. भाला समोरच्याच्या उजव्या हातात, आरशातल्यांच्या डाव्या. सुभेदारकाकांना हे अजिबात चालणार नाही, म्हणून मागच्या दोघांचे भाले काढून डाव्या हातात दिले. म्हणजे प्रत्यक्षात ते आता चुकीचे आहेत आणि दिसताना बरोबर. चौथऱ्यावरची ‘म्हैसूर’ आणि ‘हैदराबाद’ ही अक्षरंही उलटी रंगवली. ‘म्है’ उलटा काढताना हात दोनदा चुकला.

१७ ऑगस्ट, रविवार

‘मग ग्वाल्हेर कुठे?’ फलकाचा मजकूर. तीन गोष्टी ठेवल्या.

एक. ग्वाल्हेरची पायदळ पलटण याच आघाडीवर होती. अल्वर आणि पतियाळाच्या पलटणींबरोबर विसाव्या ब्रिगेडमध्ये. हैफा पडलं त्या आठवड्यात ही ब्रिगेड तिकडे जॉर्डन खोऱ्यात जनरल चेटरच्या फौजेत होती. पायदळाला चौकात पुतळा नाही, कारण चौक घोडदळ ब्रिगेडचा. एवढं साधं आहे. आजोबांची आठवण खोटी नव्हती, पत्ता चुकला होता.

दोन. जहाज. माधवराव शिंद्यांनी १९१४ च्या अखेरीस ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाची आगबोट विकत घेतली आणि तिचं रुग्णालय जहाज केलं, भारतीय सैनिकांसाठी. नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. लढाई संपल्यावर ती पुढे १९२३ मध्ये मुंबईला मोडीत निघाली. समुद्रापासून इतक्या लांबच्या राजाचं जहाज! ही माहिती सांगितल्यावर सहचिटणीसांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

तीन, आणि हीच मला सगळ्यात आवडते. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची उरलेली घोडदळं एकत्र करून १९५३ मध्ये जी रेजिमेंट झाली ती आजची ६१ वी कॅव्हलरी, मुक्काम जयपूर. त्यात म्हैसूर लान्सर्स आले, जोधपूरचे आले आणि ग्वाल्हेर लान्सर्सही आले. हीच रेजिमेंट २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळते. म्हणजे १९१८ साली ग्वाल्हेरचा स्वार त्या दौडीत नव्हता, पण पस्तीस वर्षांनी तो त्याच पागेत जाऊन उभा राहिला.

सहचिटणीस म्हणाले, “हे लिहा. हे मोठ्या अक्षरात लिहा.” चहा घेतला.

२० ऑगस्ट, बुधवार

काकांनी फलकात एक चौथी गोष्ट घालायला लावली, आणि ती कडू आहे. ग्वाल्हेरच्या नावाचं युद्धस्मारक खरोखरच आहे, कोलकात्याला. हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटाजवळ, १८४७ चं. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूरला आणि पनिहारला. महाराज जनकोजीराव शिंदे वारलेले, त्यांच्या राणी ताराबाई कोवळ्या वयातल्या, दरबारात रस्सीखेच, आणि गव्हर्नर जनरल एलनबरो फौज घेऊन चंबळ ओलांडून आला. शिंद्यांच्या तोफखान्याने शर्थ केली, पण दोन्हीकडे हार. जिंकलेल्या तोफा वितळवून त्या धातूची पदकं पाडली, ग्वाल्हेर स्टार म्हणून, आणि स्मारकाचा घुमटही त्याच धातूचा. नावं मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची.

आपल्या तोफांचं ब्राँझ, वर त्यांची नावं. एक जण म्हणाला, गणपतीत हे कशाला? काका म्हणाले, “पराभवाचंही सुतक संपतं कधीतरी. लिहा.” लिहिलं. चार ओळींत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फ्लेक्सवाल्याने वाट लावली. ‘८ ठार, ३४ जखमी’ हे मी दोन ओळींत लिहून दिलं होतं. त्याच्या संगणकात अक्षरसंच बदलला, ओळी एक झाल्या, मधले शब्द उडाले आणि फलकावर आलं ‘८३४’. आठशे चौतीस! शिवाय ‘हैफा’चा ‘हैजा’. म्हणजे कॉलऱ्याने आठशे चौतीस गेले असा अर्थ. फ्लेक्सवाला म्हणतो, “मॅडम, दूर से कोई नहीं पढ़ता.”

परत छापायचे साडेचारशे मागितले. घासाघीस करून अडीचशेवर आणलं. नोंद एवढ्यासाठी की पुढच्या वर्षी छापायला टाकण्याआधी नमुना कागदावर घ्यावा, मोबाइलवर नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

एक तारीख जुळून आली ती लिहून ठेवते. चौकाचं नाव ‘तीन मूर्ती हैफा चौक’ झालं १४ जानेवारी २०१८ ला. इस्राएलचे पंतप्रधान नेतन्याहू आले होते त्या दौऱ्यात. मी हे वाचून दाखवलं तर दोघं एकदम बोलले. सहचिटणीस : “चौदा जानेवारी? पानिपत!” काका : “चौदा जानेवारी? आमचा दिवस!”

दोघांचं खरं. १७६१ चं पानिपत त्याच तारखेचं. तिथून पाय जायबंदी होऊन परतलेले महादजी पुढे ग्वाल्हेरचं राज्य उभं करतात. आणि जनरल करिअप्पा १९५३ मध्ये १४ जानेवारीला निवृत्त झाले म्हणून तोच माजी सैनिक दिन. काका म्हणाले, “बघ, पुतळा मेलेल्याला मिळतो, आणि जो परत आला त्याला तिळगूळ.” हसले, पण पूर्ण नाही. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या एका दुरुस्तीसाठी ते तीन वर्षं एका कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

फलकाच्या तळाशी माजी सैनिक दिनाची ओळ घातली. आमच्या वस्तीतल्या माजी सैनिकांची नावं घालू का विचारलं तर काकांनी नको म्हटलं. आरतीला पुढे उभं करा, बस, म्हणाले.

२६ ऑगस्ट, हरतालिका

निम्म्या बायका उपाशी, निम्मे पुरुष कामचुकार. रंगकाम संपलं. ब्राँझचा रंग बाजारातल्या सोनेरीने येत नाही, फटाकड्या दिसतो. तपकिरीवर काळा पुसून घेतला आणि खाचांमधे थोडा मोरचुदी हिरवा भरला, जुन्या समईच्या कडांना येतो तसा. वहिनी जवळ येऊन म्हणाल्या, “घासायला काढू का?” ही पावती समजते.

घोड्यांचं ठरलं. तिन्ही घोडे राखाडी रंगवून चौथऱ्याच्या मागे, आरशांच्या पायाशी, आडवे ठेवले. समोरून दिसत नाहीत. आरशात वाकून पाहिलं तरच दिसतात. कोणालाही सांगितलं नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मूर्ती बसली. वीज सव्वासहाला गेली ती साडेसातला आली, त्यामुळे पहिली आरती निरांजनांवर. आरशांमुळे प्रत्येक ज्योत तीन ठिकाणी दिसत होती. हे आराखड्यात नव्हतं.

३१ ऑगस्ट, गौरी

गर्दी. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने आरशामागे डोकं घालून ओरडून सांगितलं, “आई, यांचे भाले उलट्या हातात आहेत!” सगळा घाट तिने एका मिनिटात उघडा पाडला. मग तिला घोडेही दिसले. “हे झोपलेत का?” तिच्या आईने हो म्हटलं. सुभेदारकाका शेजारीच खुर्चीवर होते. त्यांनी त्या मुलीला बोलावून साठ घोड्यांचं खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. निघताना प्रसादातली साखर घोड्यांपुढे ठेवून गेली. मुंग्या झाल्या. दुसऱ्या दिवशी झाडल्या.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जन. शाडूचे शिपाई पण सोडून देऊ, असं पोरं म्हणाली. काका नाही म्हणाले.

१४ सप्टेंबर, रविवार

हिशेब मांडला. खर्च अकरा हजार तीनशे चाळीस, ‘खेळणी’ धरून. शिल्लक सहाशे साठ. खजिनदारांनी दोनदा बेरीज केली.

‘मग ग्वाल्हेर कुठे?’ फलक सभागृहाच्या जिन्यात कायमचा लावायचा ठरला, सूचना सहचिटणीसांची. म्हैसूर आणि हैदराबादवाल्यांचे भाले पुन्हा उजव्या हातात दिले. लगदा वाळून दगड झाला होता, एकाचा अंगठा तुटला, एम-सीलने जोडला. उलटी अक्षरं पुसून सुलटी केली. तिघे सध्या माझ्या गॅलरीत आहेत, तुळशीपाशी, पाठीला पाठ लावून.

वहिनींचे आरसे आज पोचवले. टिकली जागेवर आहे.